सीमेवरची शाळा : दहा ते साडेचार

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी प्राध्यापक, डॉक्टर, कीर्तनकार अशी मोठी माणसे बोलून जातात. यंदा कार्यकारिणीने माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या सरकारी नोकराला उभे केले आहे. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला कनिष्ठ अभियंता. शिक्षक नाही, साहित्यिक तर मुळीच नाही. पण माझ्या नोकरीत एक गोष्ट आपोआप घडते. तालुक्यातल्या शाळांच्या आवारात मला सारखे जावे लागते. कुठे वर्गाचे छत गळते, कुठे स्वच्छतागृह बांधायचे असते, कुठे स्वयंपाकाच्या खोलीचे अंदाजपत्रक करायचे असते. मी टेप लावून मापे घेत असतो आणि भोवती लेकरे गोळा होतात. टेपचे दुसरे टोक धरायला त्यांच्यात भांडणे होतात. अशा वेळी शाळा जशी असते तशी दिसते. तपासणीला साहेब येणार म्हणून सजवलेली शाळा वेगळी आणि इंजिनिअर आला म्हणून कुणीच ज्याची दखल घेत नाही ती शाळा वेगळी. ही दुसरी शाळा मी पुष्कळ पाहिली आहे. मी स्वतःही औराद भागातल्या सरकारी मराठी शाळेत शिकलो. म्हणून आज विषय घेतला आहे तो आपल्या सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळेचा. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेचार तिथे काय चालते, आणि ते पुढेही चालू राहावे म्हणून आपण काय करू शकतो, एवढेच मला बोलायचे आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण समोर बसलेल्या मुलांना तो कुणी सांगत नाही. आपला बीदर आणि कलबुर्गी हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात आले. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. झहीराबाद, नारायणखेडकडचा भाग आंध्रात गेला. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. म्हणजे मामाचे गाव एका राज्यात, आत्याचे दुसऱ्या आणि आपले तिसऱ्या, अशी अनेक घरांची अवस्था झाली. माणसांची सोयरीक काही नकाशा बघून झालेली नव्हती. औरादचा बाजार देगलूरशी, कमलनगरचा उदगीरशी, बसवकल्याणचा उमरग्याशी, आळंदचा अक्कलकोटशी जोडलेला होता आणि आजही आहे.

त्याच 1956 साली आपल्या राज्यघटनेत 350-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते कलम सांगते. आपल्या गावातली सरकारी मराठी शाळा ही कुणाची मेहेरबानी नाही. तिला घटनेचा आधार आहे. हे वाक्य आपण मुलांना आणि स्वतःलाही अधूनमधून सांगायला हवे.

आणखी एक नाव आपल्याला माहीत असावे. भालकी हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टदेवरू. जन्म कमलनगरचा. निजामाच्या काळात शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्या दिवसांत या स्वामींनी बाहेर उर्दूची पाटी लावली आणि आत मुलांना कन्नड शिकवले. ही गोष्ट भालकीत आजही सांगतात. मी ती मुद्दाम मराठी मंडळाच्या व्यासपीठावर सांगतो आहे. आपली भाषा मुलांपर्यंत पोचावी म्हणून माणूस काय काय करतो, हे समजून घ्यायला दुसऱ्याच्या भाषेची गोष्टही चालते. ज्यांनी एकेकाळी आपली भाषा पाटीआड जपली, त्यांना आपली तळमळ कळेल असा माझा विश्वास आहे.

आता शाळेत चला.

सकाळी परिपाठ. आधी राष्ट्रगीत, राज्याचे नाडगीत, मग मराठी प्रार्थना. कुवेंपूंचे नाडगीत आपल्या शाळेतली मराठी लेकरे इतके सुरेख म्हणतात की बाहेरून आलेल्या माणसाला शाळा कन्नड माध्यमाची वाटावी. त्यानंतर एक मुलगी सुविचार सांगते, एक मुलगा वर्तमानपत्रातली बातमी वाचतो. वर्तमानपत्र बहुधा कालचे किंवा परवाचे, कारण ते एसटीने किंवा कुणाच्या तरी मोटरसायकलवरून आलेले असते. मुलांना त्याचे काही वाटत नाही. बातमी शिळी असली तरी वाचणारा ताजा असतो.

मग दूध. कर्नाटकात 2013 च्या ऑगस्टपासून क्षीरभाग्य योजनेत शाळेतल्या मुलांना दूध मिळते. मधल्या सुटीत जेवण. त्याला कन्नडमध्ये बिसिऊटा म्हणतात, म्हणजे गरम जेवण, आणि मराठी शाळेतली मुलेही तोच शब्द वापरतात. सरकारी योजनेचे नाव अक्षर दासोह. दासोह हा शब्द बसवकल्याणच्या शरणांच्या परंपरेतला. आपल्याजवळचे श्रद्धेने दुसऱ्याला वाटणे, असा त्याचा अर्थ. 2002 मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यात राज्याच्या उत्तरेकडचे सात जिल्हे घेतले होते आणि त्यात बीदर आणि कलबुर्गी होते. का घेतले, हे सांगायला नको. उपाशी लेकरू शाळेत टिकत नाही, हे ज्या भागात जास्त खरे होते तिथून सुरुवात झाली. 2021 च्या डिसेंबरात अंडी द्यायला सुरुवात झाली तेव्हाही याच भागातून झाली. अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा चिक्की. त्यावर बाहेर वाद झाले, पण शाळेच्या ओट्यावर मी वाद पाहिला नाही. एका ओळीत सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची लेकरे मांडी घालून बसतात आणि वाढणाऱ्या बाईंना म्हणतात, ‘अक्का, अजून थोडं सांबार.’ अक्का हा शब्द कन्नड की मराठी, ते तिथे कुणी विचारत नाही. तसे पाहिले तर अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द आपण कन्नडकडूनच घेतले आहेत आणि घेतल्याचे विसरूनही गेलो आहोत.

जेवणानंतर खेळ. इथे खरी गंमत ऐकायला मिळते. कबड्डीचे गडी मोजताना ‘ओंदु, एरडु, मूरु’. भांडण झाले की मराठी. शेजारच्या उर्दू शाळेच्या मुलांबरोबर क्रिकेट असेल तर आपली दखनी हिंदी. फळ्यावरचे गणित मराठीत, पण गुणाकाराचे चिन्ह ‘इंटू’. अशी चार भाषांची लेकरे मुंबई-पुण्याच्या महागड्या शाळेत असती तर त्यांचे केवढे कौतुक झाले असते! आपल्याकडे मात्र हीच मुले ‘धड ना मराठी, धड ना कन्नड’ म्हणून हिणवली जातात. हा शब्दप्रयोग आपण तरी बंद केला पाहिजे.

शाळेचे वर्षही बघण्यासारखे असते. कर्नाटकातल्या शाळा मे संपता संपता, जूनच्या सुरुवातीला उघडतात. तेव्हा पलीकडे उदगीर, निलंग्याच्या मावसभावंडांची सुटी चालूच असते. आपली मोठी सुटी दसऱ्याला, त्यांची दिवाळीला. दिवाळीत आपली शाळा चार दिवसांत परत सुरू होते आणि वर्ग अर्धा रिकामा असतो, कारण भाऊबिजेला आईबरोबर लेकरे महाराष्ट्रात गेलेली असतात. हजेरीपटावर ती गैरहजर, पण कुणाला दोष देणार? दोन राज्यांची पंचांगे एकाच घरात लागलेली असतात.

17 सप्टेंबरला तर सीमेच्या दोन्ही बाजूंना झेंडा लागतो. आपल्याकडे तो कल्याण कर्नाटक उत्सव, पलीकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. लढा एकच. स्वामी रामानंद तीर्थांचा जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा आणि त्यांनी शिक्षक म्हणून काम केले ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मराठवाड्यात. तेही एका अर्थाने आपल्यासारखेच सीमेवरचे गुरुजी. 2024 साली अनंत चतुर्दशी नेमकी 17 सप्टेंबरला आली होती. सकाळी शाळेत झेंडावंदन करून संध्याकाळी मिरवणुकीत लेझीम खेळणारी मुले मी पाहिली.

पावसाळ्यात क्रीडा स्पर्धा, त्यानंतर प्रतिभा कारंजी. वक्तृत्व, गायन, वेशभूषा, चित्रकला अशा स्पर्धा आधी शाळांच्या गटात, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला. त्यात मराठीचेही प्रकार असतात आणि आपली मुले बक्षिसे आणतात. 1 नोव्हेंबरला राज्योत्सव. लाल-पिवळा झेंडा घेऊन आपल्या शाळेतली मुले प्रभातफेरीला जातात. हिवाळ्यात सहल. बीदरचा किल्ला, महमूद गवानाचा मदरसा, बसवकल्याण, माणिकनगर, गाणगापूर. एका सहलीत मुलाला बहमनी सुलतान, शरण, माणिकप्रभू आणि दत्त महाराज भेटतात. एवढी श्रीमंत सहल दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या मुलांना मिळत असेल, मला माहीत नाही.

आणि पुस्तके? कर्नाटकाचे पाठ्यपुस्तक मंडळ मराठीसह सात माध्यमांतून पुस्तके छापते. आपला मुलगा कावेरी, तुंगभद्रा आणि कृष्णदेवराय मराठीत वाचतो. शिवाजी महाराज तो घरातून, पोवाड्यातून आणि पलीकडच्या भावंडाच्या चौथीच्या पुस्तकातून शिकतो. दहावीला मराठी ही पहिली भाषा घेता येते. 625 पैकी 125 गुण तिचे. ज्यांना वाटते की मराठी घेतली की मूल गुणात मागे पडते, त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

इथपर्यंत सगळे ऐकायला गोड वाटले असेल. आता कडू बोलतो, गोड मानून घ्या.

या शाळांचा पट घसरतो आहे. कारणे तीन. पहिले, शिक्षक. निवृत्त झालेल्या मराठी शिक्षकाची जागा लवकर भरत नाही. अतिथी शिक्षकावर काम चालते आणि तोही कधी उशिरा येतो. एकच शिक्षक चार वर्ग सांभाळताना मी पाहिला आहे. दोन वर्गांना गणित घालून, तिसऱ्याला वाचायला लावून, चौथ्यासमोर उभा. मी छताचे माप घेत होतो आणि मनात येत होते की छत मी दुरुस्त करून देईन, पण खालचे हे कोण दुरुस्त करणार?

दुसरे कारण, सातवीनंतरची खिंड. गावात पहिली ते सातवी मराठी आहे, पण पुढे मराठी हायस्कूल जवळ नाही. मग मुलगा एकदम कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात पडतो आणि आठवीत गटांगळ्या खातो. काही जण सीमेपलीकडे शाळेत घालतात. मुलीची तर शाळाच सुटते. 2006-07 पासून सरकार आठवीच्या मुलांना सायकली देत असे, तेव्हा कितीतरी मुली हायस्कूलला गेल्या. सायकलीची घंटी वाजली की गावातून हायस्कूलची वेळ कळायची.

तिसरे कारण आपण स्वतः. इथे बसलेल्यांपैकी किती जणांची मुले मराठी शाळेत आहेत, असे विचारून मी कुणाला अवघड करणार नाही. माझीही मुले शहरातल्या इंग्रजी शाळेत आहेत. नोकरीच्या गावी मराठी शाळा नव्हती. प्रत्येकाची अडचण खरी असते. पण गावाकडच्या शाळेत आता राहिली आहेत ती ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांची लेकरे. ऊसतोडीला जाणाऱ्यांची, पुण्या-हैदराबादला मजुरीला गेलेल्या आईबापांची, आजीजवळ ठेवलेली. म्हणजे सीमाभागात मराठी आज टिकवून धरली आहे ती या लेकरांनी. आपण दहा दिवस आरत्या म्हणतो. ती वर्षाचे दोनशेवर दिवस मराठीत हजेरी देतात.

यावर उपाय काय? मोर्चे, निवेदने ज्यांनी करायची ती ते करोत. मी सरकारी नोकर आहे, त्या वाटेला जात नाही. शिवाय सीमावादाचा निकाल काहीही लागो, उद्या सकाळी दहाला शाळेची घंटा वाजणारच आहे. आपण त्या घंटेपुरते बोलू.

एका गावाचे उदाहरण देतो. नाव सांगत नाही. मराठी शाळेचा पट इतका खाली आला होता की शाळा राहते की जाते, अशी चर्चा सुरू होती. मी तिथे एका खोलीच्या कामासाठी जात होतो. शाळा विकास समितीची बैठक होती आणि त्यात एक आई उभी राहिली. शेतमजूर बाई. ती म्हणाली, ‘मराठी आम्ही घरी बोलतो सर, तिची काळजी नाही. पण माझ्या लेकराला तहसीलमधला कागद वाचता येत नाही. कन्नड नीट शिकवा, म्हणजे मी दुसऱ्या शाळेत घालणार नाही.’ सगळे गप्प झाले. गावातल्या कन्नड शाळेत एक तरुण शिक्षक होते. त्यांनी स्वतःहून सांगितले की शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तासभर येतो. ते येऊ लागले. गाणी, गोष्टी, दुकानाचा खेळ, बसच्या पाट्या वाचणे, असे कन्नड शिकवले. बदल्यात मराठी शाळेच्या बाई कन्नड शाळेतल्या मुलांना मराठी शिकवू लागल्या, कारण त्या मुलांनाही उदगीरच्या बाजारात जायचे असते. दोन वर्षांनी मी गेलो तेव्हा शाळा चालू होती आणि इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून उतरून काही मुले परत आलेली होती.

मला या गोष्टीतून जे कळले ते असे : सीमाभागात जी मराठी शाळा कन्नड उत्तम शिकवेल तीच टिकेल. 2015 च्या कायद्याने कन्नड तर आता सर्वच शाळांत शिकायची आहे. राज्याच्या नोकरीत कन्नडची परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते. मी ती दिलेली आहे, काय मेहनत पडते ते जाणतो. ज्या आईबापांना वाटते की मराठी शाळेत घातले तर लेकरू इथल्या नोकरीला मुकेल, त्यांना भाषणाने पटणार नाही. लेकराच्या तोंडचे कन्नड ऐकून पटेल. आणि जे मूल मराठीत विचार करायला शिकले, त्याला दुसरी भाषा जड जात नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी पालकांना सांगा. सीईटीला पहिली ते दहावी ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेल्यांना 15 टक्के ग्रामीण कोटा आहे. कन्नड माध्यमाचा 5 टक्के कोटा आपल्याला मिळत नाही हे खरे, पण ग्रामीण कोट्याला मराठी माध्यम आड येत नाही. आणि मुलाला सीमेपलीकडे शाळेत घालण्याआधी कर्नाटकात किती वर्षे शिकल्याचे दाखले पुढे लागतात, याची नीट चौकशी करा. एका दाखल्यासाठी फेऱ्या मारणारे बाप आमच्या कचेरीच्या आवारात रोज दिसतात.

आता मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो.

एक. आपल्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढून दरवर्षी दोन सरकारी मराठी शाळांना गोष्टीची पुस्तके द्यावीत. कपाट देऊ नका. कपाटाला कुलूप लागते. दोरी बांधून भिंतीवर टांगता येतील अशी पातळ पुस्तके द्या. आणि द्यायला टपाल पाठवू नका, स्वतः जा.

दोन. गणेशोत्सवातल्या एका संध्याकाळी खेड्यातल्या मराठी शाळांची मुले या मंचावर बोलवा. त्यांना मराठीत बोलू द्या आणि आपल्या मुलांना खाली बसून ऐकू द्या. प्रवासखर्च मंडळाने द्यावा. 2022 साली उदगीरला साहित्य संमेलन झाले तेव्हा आपल्यातले बरेच जण गाड्या करून गेले होते. त्याच रस्त्यावरची भालकी, कमलनगरची लेकरे इकडे आणायला तेवढीच गाडी लागते.

तीन. ज्यांचे गावी घर आहे, त्यांनी गावाकडे गेल्यावर शाळेच्या समितीच्या बैठकीला एकदा तरी बसावे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अशा समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मजुरी बुडवून येणाऱ्या आईला तिथे बोलायचा धीर येत नाही. शेजारी गावातलाच एखादा शिकलेला माणूस नुसता बसलेला असला, तरी ती बोलते.

रिटायर झालेल्या गुरुजनांना माझी वेगळी विनंती आहे. आठवड्यातला एक तास द्या. पाढे, वाचन, शुद्धलेखन. त्याला कुठल्या मंजुरीची फार अडचण पडत नाही. मुख्याध्यापकांना भेटा, ते खुर्ची पुसून देतील.

या भागात गणपती बसतो तेव्हा मूर्ती कुणाची, मांडव कुणाचा, ढोल कुणाचा, हे कधी भाषेवरून ठरलेले नाही. विद्येची देवता दहा दिवस आपल्याकडे पाहुणी येते आणि अकराव्या दिवशी जाते. ती ज्या घरी वर्षभर मुक्कामाला असते त्या घराचे छत मी माझ्या परीने बघतो आहे. आतल्या लेकरांकडे आपण सर्वांनी बघावे, एवढे मागून मी थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!